इंजिनाचं पाणी गरमच पडू द्या

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक बारीक नळी जोडलेली असते. तिचा कॉक बहुतेक ठिकाणी सताड उघडा असतो आणि इंजिनातून पडणारं पाणी हाताला गार लागतं. इंजिन थंड राहिलं म्हणजे टिकलं, ही समजूत त्यामागे असते. पण डिझेलच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग एरवीही या पाण्याबरोबर जातो. सिलिंडर आणखी गार केला की हा भाग वाढतो, डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं आणि लायनर लवकर झिजतो.

आधी आजचा खर्च मोजा. पंप चालू ठेवून इंजिन अर्धा तास तापू द्या. मग टाकीऐवजी, टाकीच्याच उंचीवर टांगलेल्या, खुणा केलेल्या बाटलीतून डिझेल द्या. अर्धा लिटर किती मिनिटांत उतरतं ते लिहून ठेवा. बाटली तळापर्यंत रिकामी करू नका, लाइनमध्ये हवा धरते.

आता कॉक थोडा आवळा, पाच-दहा मिनिटं थांबा, बाहेर पडणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, पोळेल. असं करत 60 ते 65 अंश सेल्सिअसवर या. पाणी खारं किंवा जड असेल तर 50-55 वरच थांबा, नाहीतर जॅकेटमध्ये क्षार धरतील आणि तेच इंजिन पुढे तापून बसेल. अशा पाण्याला 200 लिटरचा ड्रम जोडणं मला जास्त पसंत आहे: वरची नळी इंजिनापासून ड्रमकडे चढती, ड्रममधली पातळी त्या नळीच्या तोंडाच्या वर. तेच पाणी फिरत राहतं, नवे क्षार फार येत नाहीत. आटेल तेवढं भरत राहा.

कॉक पूर्ण बंद कधीच करू नका. धार तुटून इंजिन तापलंच, तर एकदम गार पाणी सोडू नका, हेड तडकतं. भार काढा, बंद करा, निवू द्या.

सायलेन्सरला दोरी गुंडाळून डिझेल वाचत नाही. ती उष्णता सिलिंडरमधून केव्हाच बाहेर पडलेली असते. जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी तर हातातही घेऊ नका, तिची धूळ फुफ्फुसात राहते.

पाण्याचं तापमान स्थिर झालं की, विहिरीची पातळी फारशी उतरायच्या आत, पुन्हा अर्धा लिटर मोजा. मिनिटं वाढली असतील तर कॉकच्या त्या जागेवर रंगाची खूण करा. थंडीत विहिरीचं पाणी गार झालं की ती खूण पुन्हा तपासावी लागेल.