कारवानी पिलें विकण्यापूर्वीं

राखणीसाठीं कारवानी कुत्रें घेणारा शेतकरी पिलाची छाती, पाय व शेपूटही निरखून पाहतो. पोटांतील जंत मात्र त्यास दिसत नाहींत. हे गोल जंत आईच्या पोटांतच पिलांत शिरतात, व पुढें विष्ठेनें दूषित झालेल्या मातींतून घरच्या मुलांसही बाधतात. यास्तव दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास जंतांचें औषध पाजणें, ६ ते ८ आठवड्यांचे सुमारास पार्व्हो रोगाची पहिली लस टोंचविणें आणि पशुवैद्याकडून हृदय, डोळे व बेंबी तपासविणें हें विकणाराचें काम होय, असें आम्ही समजतों. दोष निघाल्यास तो सांगूनच व्यवहार करावा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनीं ८ आठवड्यांखालील पिलूं विकण्यास मनाई केली आहे. पिसाळरोगाची लस सुमारें १२ आठवड्यांनीं टोंचावयाची असल्यानें ती तारीख घेणारास चिठ्ठीवर लिहून द्यावी.