सकाळी बोटं कधी सुटतात?

हिंजवडीत दवाखाना थाटला तेव्हा समोर शेतं होती, आता मेट्रोचे खांब आहेत. या काळात बऱ्याच गोष्टी बदलल्या. बदललं नाही ते मेडिकल कौन्सिलचं गणित. नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट हवेत. त्यापायी किती रविवार हॉटेलांच्या गारढोण हॉलमध्ये काढले, मोजलेले नाहीत. सांधेदुखीवरच्या सीएमईंतून, म्हणजे डॉक्टरांच्या या शिक्षण-बैठकांतून, आणि खरं तर त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या सोमवारांतून, जे हाती लागलं ते हे.

१. मी सीएमईला शिकायला जात नव्हतो. सही करायची, मागची रांग पकडायची, डोळे मिटायचे, पनीर आलं की उघडायचे. एकदा उशीर झाला आणि पुढच्या रांगेत बसावं लागलं. संधिवाताच्या तज्ज्ञ बाई बोलत होत्या. त्यांनी नेमकं मलाच विचारलं, "सांधे दुखतात म्हणणाऱ्याला तुमचा पहिला प्रश्न काय?" मी म्हटलं, "किती दिवसांपासून?" "आणि सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेले राहतात, हे?" मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचू लागलो. झिजलेला गुडघा सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. आमवाताचे सांधे तासभर, कधी त्याहून जास्त, जखडून राहतात. हे कॉलेजात शिकलो होतो. दवाखान्यात कधी विचारलं नव्हतं.

२. प्रश्न पाठ होणं आणि तो विचारता येणं यांत माझं जवळपास वर्ष गेलं. शेजारच्या माण गावच्या एका मावशींना विचारलं, "सकाळी सांधे ताठरतात का?" "न्हाई." संपलं! त्या उठता उठता मी सहज म्हणालो, "भाकरी तुम्हीच थापता ना?" "कुठली! सून थापती. मला पीठ मळवत न्हाई. ऊन वर आलं की मग बोटं सुटत्यात." मी त्यांचा पंजा हातात घेऊन बोटांच्या बुडाशी हलकेच दाबला. "आई गं!" बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. दोन वर्षं मी या बाईंना वेदनाशामक गोळ्या देत होतो, आणि दोन वर्षांत त्यांचा हात एकदाही हातात घेतला नव्हता.

३. आमवात हा मोठ्या हॉस्पिटलांतला आजार, माझ्याकडे येतो तो नुसता 'वात', अशी माझी सोयीची समजूत होती. ती पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने मोडली. डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या पथकाने 1996 मध्ये तिथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली; जागतिक आरोग्य संघटनेच्या कोपकॉर्ड उपक्रमातली. आमवाताचं प्रमाण निघालं साधारण अर्धा टक्का, म्हणजे दोनशे माणसांत एक. भिगवणला मी दोनदा गेलोय. रोहित पक्षी बघायला आणि मासे खायला. पुण्याच्या डॉक्टरांनी तिथे केलेलं हे काम मला त्यानंतर कित्येक वर्षांनी एका स्लाइडवर भेटलं. घरी येऊन हिशेब मांडला: माझ्या दवाखान्यात आजवर दोनशे माणसं किती वेळा येऊन गेली असतील? मग मांडणं सोडून दिलं.

४. आरए फॅक्टर ही आमवाताची रक्तचाचणी न्यायाधीश नव्हे. ती निगेटिव्ह असूनही आमवात असतो आणि पॉझिटिव्ह असूनही नसतो. हे कळल्यावर ती ऊठसूट लिहिणं सोडलं. माझे पैसे वाचले नाहीत, पेशंटचे वाचले.

५. हिंजवडीत बसून पाठदुखीचं निदान करायला डॉक्टर कशाला हवा, असं मला वाटायचं. आयटीतला मुलगा, दहा तास खुर्ची, दोन तास ट्रॅफिक. आयटी पार्कच्या फेज टूमधल्या एकाला मी छातीठोकपणे म्हटलं, "खुर्ची बदल, आराम कर." त्याने महागडी खुर्ची घेतली. दुखणं वाढलं. पहाटे जाग येते, येरझाऱ्या घातल्या की बरं वाटतं, जिमला गेलं की आणखी बरं, हे तो पहिल्याच दिवसापासून सांगत होता. मला ते तरुणपणाचं कौतुक वाटलं. आरामाने वाढणारी आणि हालचालीने उतरणारी पाठ वेगळी, हे मला सुचेपर्यंत दीड वर्ष उलटलं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात, निघाला. तो रागावला नाही. खुर्ची मात्र दवाखान्यात आणून ठेवली. "तुम्हीच बसा, सर." बसतो. चांगली आहे.

६. आमवातावरच्या मेथोट्रेक्सेटची भीती मला आजही वाटते, आणि ती बरी आहे. गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज गेली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस जाऊ शकतो. सीएमईतल्या त्या तज्ज्ञ बाईंनी माणच्या मावशींना ती सुरू केली आणि लक्ष ठेवायला माझ्याकडे परत पाठवलं. मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दर गुरुवारी'. महिन्याने कळलं, मावशींचा गुरुवारचा उपास, गोळी डबीतच. मग मी हुशारी केली. "रविवारी घ्या. घरात मटण शिजतं ना, त्या दिवशी," म्हणालो, आणि कंसात तसं लिहूनही दिलं. भाषा लोकांची हवी, नाही का! हनुमान जयंतीच्या आधी मावशी आल्या, पिशवीतून चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, "डाक्टर, म्हातोबाच्या यात्रेला पाव्हणं येणार. त्या आठवड्यात मटण दोनदा व्हतंय. मग गोळी बी दोनदा घ्यायची का?"

मी चिठ्ठी परत मागून घेतली आणि कंस खोडला.