उन्हातील मिनिटे

हिवाळ्यातले कोवळे ऊन कोणाला नको असते? परंतु काही मोजक्या व्यक्तींना तेच ऊन असह्य होते. त्वचा वरून बहुधा धड दिसते, आतून मात्र आगीसारखी दाहते. डोळ्यांना काही दिसत नसल्याने त्यांच्या वेदनेवर कित्येकदा विश्वासही ठेवला जात नाही. या दुर्मीळ आजाराचे नाव आहे ‘एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया’.

या आजाराचे मूळ त्वचेत नसून रक्तात आहे. रक्ताला लाल रंग देणारे ‘हीम’ तयार होताना अखेरच्या टप्प्यावर एका विकराची उणीव पडते. त्यामुळे प्रोटोपोर्फिरिन हे द्रव्य तांबड्या पेशींत साठते. जांभळा-निळा प्रकाश शोषून ते आसपासच्या ऊतींना इजा करते. हा प्रकाश खिडकीच्या काचेतूनही आत येतो.

डर्सिमेलागॉन ही पोटात घेण्याची गोळी त्वचेतील मेलॅनिन वाढवते. रक्तातील दोष ती दूर करत नाही. प्रकाशाला अडसर तेवढा घालते. पण तिचा उपयोग होतो, हे ठरवायचे कसे? दाह होण्यापूर्वी त्वचेला मुंग्या येतात, चुणचुण होते. प्रकाशात गेल्यापासून या पूर्वसूचनेपर्यंतची मिनिटे, हेच संशोधकांचे माप ठरले.

अमेरिकेत हा आजार किंवा त्याचा जवळचा प्रकार असलेल्या १०२ रुग्णांचे तीन गट केले गेले. १६ आठवडे दोन गटांना रोज १०० किंवा २०० मिलिग्रॅम औषध मिळाले. तिसऱ्या गटाला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळाली. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना वा डॉक्टरांना सांगितले नव्हते. कारण नुसत्या आशेनेही माणूस उन्हात अधिक धीराने उभा राहू शकतो. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या गटाच्या तुलनेत औषध घेणाऱ्यांची मिनिटे अनुक्रमे ५३.८ व ६२.५ ने अधिक वाढली. मळमळ, डोकेदुखी, त्वचा काळवंडणे असे त्रासही आढळले. त्वचेच्या बदलत्या रंगावरून आपल्याला औषध मिळत आहे, हा तर्क काहींना करता येणे शक्य होते; चाचणीची ही मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते.

तासाभराचे ऊन आपल्या हिशेबात नसते. या रुग्णांसाठी मात्र तेवढ्यात बाजारहाट होतो, अंगणात मुलांशी खेळता येते.

शब्दार्थ : विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, एन्झाइम, ऊती – एकाच प्रकारच्या पेशींचा समूह, अडसर – अडथळा.

स्वाध्याय
१. रुग्णांच्या वेदनेवर विश्वास का ठेवला जात नाही?
२. तिसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी देण्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.