रोगाचा माग

इ. स. २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत एका भयंकर रोगाची साथ पसरली. धडधाकट माणसांना एकाएकी रक्ताचे जुलाब होऊ लागले. शेकडो रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. हा प्रताप ई. कोलाय नावाच्या जंतूच्या एका घातक प्रकाराचा आहे, हे प्रयोगशाळेत लवकरच कळून आले. परंतु हा जंतू माणसांच्या पोटात गेला कशातून?

आजारी पडण्यापूर्वी काय काय खाल्ले होते, असे रुग्णांना विचारले गेले. पुष्कळांनी काकडी, टोमॅटो व कोशिंबिरीचा पाला यांची नावे सांगितली. तेवढ्यात हँबर्ग शहरात स्पेनहून आलेल्या काही काकड्यांवर अशाच जातीचे जंतू सापडले. झाले! दोषी सापडला, असे सर्वांस वाटले. वास्तविक काकडीवरील जंतू वेगळा होता, हे थोड्याच दिवसांत सिद्ध झाले. पण तोवर स्पेनमधील शेतकऱ्यांच्या मालाला गिऱ्हाईक उरले नव्हते आणि उत्तम भाजी टाकून द्यावी लागत होती. निरपराध माणसांवर हा केवढा अन्याय!

तेव्हा बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेतील संशोधकांनी निराळी युक्ती योजली. एकाच उपाहारगृहात जेवून गेलेल्या मंडळींना त्यांनी गाठले. कोणी कोणता पदार्थ मागवला होता, हे त्यांनी पाहिले आणि त्या पदार्थात काय काय घातले होते, हे थेट आचाऱ्यास विचारले. अशा रीतीने चौकशी करता, आजारी पडलेल्या ३१ जणांपैकी प्रत्येकाच्या ताटात मोड आलेली कडधान्ये व बिया वाढल्या गेल्या होत्या, असे आढळले. पदार्थावर शोभेपुरते भुरभुरलेले ते चिमूटभर मोड खाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लक्षातही राहिले नव्हते!

ते मोड कोठून आले, याचा शोध दुकानदारांच्या खरेदीच्या नोंदींवरून घेतला गेला. रुग्णांचे निरनिराळे ४१ गट होते. त्या सर्वांचे धागे एकाच मोड उत्पादकापाशी जाऊन मिळाले. पुढे जून महिन्यात फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ तीच साथ उद्भवली. तेथील मोड मात्र स्थानिक रीत्या काढलेले होते. मग दोन्ही ठिकाणी समान काय होते? मेथीचे बी! ते इजिप्तमधून आयात झाले होते.

ही साथ जुलैअखेर ओसरली. पण तोवर जर्मनीत पन्नासाहून अधिक माणसे दगावली होती. बियांना मोड आणण्यासाठी लागणारी ऊब व ओलावा जंतूंनाही मानवतो. असे मोड चांगले शिजवल्यास जंतू मरतात; कच्चे खाल्ल्यास ते जिवंत पोटात जातात.

संशय आणि पुरावा यांत मोठे अंतर असते. ते अंतर धीराने चालून जाणाऱ्यांनीच अखेर खरे कारण शोधून काढले.