डोंगरात न्यायच्या हायब्रिड गाडीचा खर्च कसा मोजाल?

मारुतीची ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाची हायरायडर बघायला शोरूममध्ये गेलं, की दोन गोष्टी हमखास कानावर पडतात. गाडी लिटरला जवळजवळ २८ किलोमीटर देते, आणि गाडीत चारही चाकांना ताकद मिळते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एकाच गाडीच्या नाहीत. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवर न्यायला आणि रोज ऑफिसला जायला एकच गाडी हवी असलेल्यांनी पैसे भरण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

२७.९७ किलोमीटर हा आकडा स्ट्राँग हायब्रिडचा. तिच्यात दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि सोबत वेगळी विजेची मोटर असते, कमी वेगात ती नुसत्या मोटरवरही चालते. मात्र ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. चारही चाकं चालवणारं मॉडेल वेगळं. त्यात साधं दीड लिटरचं इंजिन आणि माइल्ड हायब्रिड, म्हणजे स्टार्टरचं काम करणारी आणि वेग घेताना थोडा हातभार लावणारी छोटी मोटर. ही मोटर एकटी गाडी ओढू शकत नाही. त्या मॉडेलचा मॅन्युअल गिअरमधला कागदावरचा आकडा १९.३८ होता.

हे आकडे रस्त्यावर मिळत नाहीत, आणि त्यात कुणी लबाडी केलेली नसते. चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. सुमारे वीस मिनिटं, एसी बंद, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास आणि जास्तीत जास्त ९०. या चाचणीत थांबणं, पुन्हा निघणं खूप असतं आणि हायब्रिड नेमकी तिथेच चमकते. त्यामुळे कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांतली दरी हायब्रिडच्या बाबतीत वापराप्रमाणे फार बदलते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्याचा फटका प्रत्येक गाडीला थोडाफार बसतोच.

आता पैशांचं बोलू. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. स्ट्राँग हायब्रिड आणि तशाच सोयींची साधी ऑटोमॅटिक यांच्या शोरूम किमतीत १ लाख ८० हजारांचा फरक आहे असं समजू. तुमच्या कोटेशनवरचा आकडा वेगळा असेल, तो इथे घाला. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडला जशी माफी दिली, तशी इथे धरून चालू नका. म्हणजे टॅक्ससह फरक २ लाखांवर जातो.

शहरात, सिग्नल आणि कोंडीत, हायब्रिड २२ देईल आणि साधी ऑटोमॅटिक १३, असं धरा. हायब्रिडला किलोमीटरमागे ४ रुपये ७३ पैसे पडतात, साधीला ८ रुपये. बचत सव्वातीन रुपयांची. दोन लाख वसूल व्हायला ६१ हजार किलोमीटर लागतील, म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पाच वर्षं. हिंजवडी किंवा ठाणे-अंधेरी रोज करणाऱ्याला हा सौदा परवडतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तीच गाडी हायवेवर ताशी शंभरने चालवली की चित्र पालटतं. ८० वरून १०० वर गेलं की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो, आणि ब्रेक लागतच नाही तर ब्रेकमधून वीज परत मिळणार कुठून? हायब्रिडला २० आणि साधीला १७ धरले, तर बचत किलोमीटरमागे फक्त ९२ पैसे. दोन लाख वसूल व्हायला २ लाख १७ हजार किलोमीटर लागतील. दर शनिवारी पुण्याहून कोल्हापूर-कोकण करणाऱ्याने आणि इतर दिवशी गाडी उभी ठेवणाऱ्याने हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

घाटाचं गणित मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे डोंगरात जायचं म्हणजे आधी घाट. या हायब्रिडची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची, घरच्या वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. माणसांसकट दीड टनाच्या गाडीत तेवढ्या उंचीची ऊर्जा सव्वादोन युनिटच्या घरात जाते. टायर आणि हवेच्या घर्षणात जाते ती वजा केली, तरी उरलेली बॅटरीत मावत नाही. बॅटरी आधीच निम्मी भरलेली असते आणि ती कधी पूर्ण भरूही दिली जात नाही. म्हणून घाट अर्धाही उतरायच्या आत बॅटरी भरल्याचं दिसतं आणि पुढची ऊर्जा इंजिनाच्या अडवण्यात आणि ब्रेकच्या उष्णतेत जाते. अशा वेळी गिअरच्या दांड्यावरचं ‘बी’ लावा, ब्रेक कमी तापतात. चढताना त्याच उंचीसाठी पाऊण लिटर पेट्रोल जळलेलं असतं, आणि भरलेल्या बॅटरीतून त्यातलं पाव लिटरही परत येत नाही. घाटाच्या माथ्याशी पोचताना बॅटरी थोडी रिकामी ठेवून उतरायला लागणं शक्य असेल, तर थोडं जास्त हाती लागतं, इतकंच.

मातीच्या वाटेवर किलोमीटरला किती पेट्रोल हा प्रश्नच मागे पडतो, तिथे तासाला किती जळतं ते बघायचं. खडकाळ रस्त्यावर गाडी ताशी दहाने सरकते, चाकं घसरतात, एसी चालू असतो. स्ट्राँग हायब्रिड सुरुवातीला मोटरवर शांतपणे सरकते, मग बॅटरी उतरते आणि इंजिन तिला भरत बसतं. कच्च्या, पण कोरड्या रस्त्यावर ती चांगली चालते. ओल्या चढावर पुढची दोन चाकं फिरत राहिली की बचतीचा उपयोग नसतो, तिथे मागची चाकं लागतात. आणखी एक खर्च आत दडलेला आहे. बॅटरीमुळे स्ट्राँग हायब्रिडची डिकी सुमारे २६५ लिटरची उरते, साधीची ३७३ असते. तंबू, दोर, पाण्याचे कॅन मग टपावर जातात आणि टपावरचा कॅरिअर हायवेवर ॲव्हरेज खातो. ऑल-टेरेन टायर टाकले तर आणखी. मोठ्या मापाचे टाकले तर ओडोमीटरही कमी किलोमीटर दाखवतो, त्यामुळे हिशेब दोन्हीकडून चुकतो.

खऱ्या फोर बाय फोरमध्ये हायब्रिड हवी असणाऱ्यांसाठी फॉर्च्युनर निओ ड्राइव्ह २०२५ मध्ये आली. २.८ लिटरचं डिझेल, लो रेंज आणि ४८ व्होल्टची मोटर. ही मोटरही एकटी गाडी चालवत नाही, म्हणून इंधनात चार-पाच टक्क्यांपलीकडे अपेक्षा ठेवू नका. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज ११ वरून साडेअकरा झालं, तर किलोमीटरमागे ३५-३६ पैसे वाचतात. जास्तीची किंमत त्यातून वसूल होणार नाही. ती घ्यायची तर घसरत्या वाटेवर इंजिनाला मिळणाऱ्या मदतीसाठी घ्या. अमेरिकेत जीप रँग्लरची घरी चार्ज होणारी हायब्रिड विकली गेली. तिकडच्या सरकारी आकड्यांत ती विजेवर २१ मैल जाते, आणि बॅटरी उतरल्यावर गॅलनला २० मैल, म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर. चार्जर नसलेल्या डोंगरात नेलेल्या अशा हायब्रिडची अवस्था त्या दुसऱ्या आकड्यात दिसते.

स्वतःच्या वापराचा आकडा काढायला स्क्रीनवरच्या सरासरीवर विसंबू नका. एकाच पंपावर, पहिल्या कटऑफला टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान पाचशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा तिथेच पहिल्या कटऑफला भरा. शहर, हायवे आणि कच्चा रस्ता यांचे आकडे वेगळे लिहा. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या जास्त असतील तर हायब्रिडलाही ॲव्हरेज मिळत नाही, कारण थंड इंजिन तापण्यासाठी चालत राहतं.

सेकंडहँड बघत असाल तर हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी असते. २०२२ अखेरची गाडी म्हणजे २०३० पर्यंत. सर्व्हिसची कागदपत्रं पूर्ण आहेत का ते बघा, आणि गाडी धुळीच्या रस्त्यांवर फिरलेली असेल तर मागच्या सीटजवळची बॅटरी थंड करणारी हवेची जाळी आणि तिचा फिल्टर उघडून दाखवायला सांगा.