गवताबाहेरचा डबा

(भाची इंदूरहून मुलांना घेऊन धारला आली आहे. मामा जुना जिओकॅशिंगवाला, म्हणजे जीपीएसच्या आधाराने ‘कॅश’ (डबे) लपवणारा-शोधणारा. मोहनखेड्याच्या जैन तीर्थापाशी मुलांसाठी एक डबा ठेवायचा बेत चालला आहे.)

भाची : मामा, डबा सरदारपूरच्या माळावरच ठेवू या ना. तीर्थापासून जवळ आहे, आणि खरमोर पक्षी दिसला तर मुलं खूश होतील.

मामा : तिथे तर मुळीच नको. तो माळ १९८३ साली खरमोरासाठीच अभयारण्य म्हणून राखला. पावसाळ्यात नर गवतावर उंच उड्या घेतो, दिवसातून शेकडो वेळा, आणि मादी खाली गवतातच अंडी घालते. डबा गवतात ठेवला की शोधणारा आधी गवत तुडवणार. जगात फार थोडे उरलेत गं हे पक्षी. शिवाय अभयारण्यात विनापरवाना शिरायला १९७२चा वन्यजीव कायदा आड येतो.

भाची : मग मुलांना खरमोर भेटणार कुठे?

मामा : कोड्यात. साध्या कॅशमध्ये अक्षांश-रेखांश सरळ दिलेले असतात. कोड्याच्या कॅशमध्ये नकाशावरचा बिंदू नावापुरता असतो. खरी जागा त्याच्यापासून तीनेक किलोमीटरच्या आत असते आणि कोडं सुटल्यावरच कळते. पण काही लोक काही न वाचता त्या नावापुरत्या बिंदूकडेच निघतात, म्हणून तोही माळावर पडू द्यायचा नाही. गाड्या लावतात तिथे टाकायचा.

भाची : कोडं मात्र सोपं हवं. धाकटी आत्ताशी दुसरीत आहे.

मामा : तिला विचार, खरमोराच्या एका पायाला बोटं किती? तीन. माळढोकाच्या कुळात मागचं बोटच नसतं. त्यामुळे फांदी धरता येत नाही, झाडावर बसता येत नाही, आणि अंडी जमिनीवर घालावी लागतात. आकडा शोधताना पोरीला आपोआप कळेल की गवतात का जायचं नाही. मला तर कोड्याचं हेच काम वाटतं. दुसरा प्रश्न तीर्थाचा : जैन आचार्य राजेंद्रसूरींच्या ‘अभिधान राजेंद्र’ कोशाचे खंड किती? सात. त्यांची समाधी मोहनखेड्यालाच आहे.

भाची : आणि बाघची लेणी किती?

मामा : ते नको. मूळ नऊ, त्यातली पाच टिकली. दोन उत्तरं निघाली की घरात भांडण. उत्तर एकच हवं, आणि घरी बसून मिळणारं हवं.

भाची : आकडा चुकला तर?

मामा : सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. अक्षांश-रेखांशात मिनिटांपुढे तीन दशांश आकडे असतात. शेवटचा एकाने चुकला तर फरक दोनेक मीटरचा. पहिला चुकला तर १८५ मीटर. मिनिटच चुकलं तर जवळजवळ दोन किलोमीटर, म्हणजे कुणाच्या सोयाबीनमध्ये नाहीतर थेट माळावर! म्हणून पुढचं सगळं उघड द्यायचं, आणि अक्षांशाचे शेवटचे दोन व रेखांशाचे शेवटचे दोन, एवढेच चार आकडे प्रश्नांच्या उत्तरांत झाकायचे. मग कितीही चुकलं तरी पोरं अडीचशे मीटरच्या आतच राहतात. चारही आकड्यांची बेरीजही देऊन टाकायची, निघण्याआधी ताळा करता येतो.

भाची : डब्यात थोडा खाऊ ठेवू?

मामा : नाही. वासाने कुत्री, मुंगसं डबा फोडतात. पहिल्या कॅशमध्ये मात्र खाऊ होता : २००० साली मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि लगेच डेव्ह उल्मरने ओरेगॉनमध्ये पहिली बादली ठेवली. ती अर्धी पुरलेली होती आणि आत घेवड्याचा डबाही होता. आज दोन्ही चालत नाही. वही, पेन्सिल, एखादं खेळणं पुरे. डबा पारदर्शक घे आणि वर ठळक चिठ्ठी लाव. यात्रेकरूंच्या गर्दीत बेवारस डबा पाहून लोक घाबरतात.

भाची : मग आज रात्रीच बाकीचे दोन प्रश्न काढते.

मामा : थांब, जागा आधी. तीर्थाच्या ट्रस्टला विचारू, ते दाखवतील तो कट्टा. तिथले आकडे मोजू आणि मग प्रश्न त्यांना जुळवू. आकडा आठ आला तर लिहायचं, ‘खरमोराच्या एका पायाच्या बोटांत पाच मिळवा.’