निवृत्त कारवानी कुत्र्याची जोपासना

बैल थकला म्हणजे त्याला दावणीला पोसावें कीं बाजार दाखवावा, याचा विचार शेतकऱ्याच्या घरांत चारचौघांत बोलून होतो. कुत्रें थकलें तर असा विचार कोणी करीत नाहीं. तें एके दिवशीं वस्तीवरून नाहींसें झालेलें असतें, इतकेंच. धावण्यासाठीं पाळलेल्या कारवानी कुत्र्याच्या वांट्यास हें विशेष येतें. अशीं टाकलेलीं कुत्रीं घरीं आणणाऱ्या कांहीं शेतकरी बंधूंनीं त्यांच्या दुखण्यांविषयीं व खोडींविषयीं आमच्याकडे विचारणा केली आहे. सबब आमच्या अनुभवास आलेलें व पशुवैद्यांकडून कळलेलें जें कांहीं आहे तें येथें देत आहोंत.

लांब तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट व उंच सडपातळ पाय अशा बांध्याचें हें कुत्रें सोलापूर व मराठवाड्याकडे आणि आमच्या नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर तें वायव्येकडून दक्षिणेंत उतरलें व त्यावरून त्यास कारवानी नांव पडलें, अशी समजूत आहे. वासावर नव्हे तर नजरेवर शिकार धरणारी ही जात होय. मुधोळचें कुत्रें तिचेंच भावंड; त्याचें चित्र टपाल खात्यानें २००५ सालीं तिकिटावर छापलें. पूर्वीं तें माळरानावर सशामागें व हरणामागें सोडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें बंद झालें, निदान व्हावयास पाहिजे होतें. कर्जत तालुक्यांत रेहेकुरीस काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य झालें, तेथील शेतकऱ्यास तरी हें सांगावयास नको. आतां या कुत्र्यांचा उपयोग रखवालीस व जत्रांतील शर्यतींस होतो, आणि शर्यतीसाठीं त्यांत विलायती ग्रेहाउंडाचा संकर करण्याची चाल पडली आहे. पांच-सहा वर्षांचें झालें कीं कुत्र्याचा वेग उतरतो. त्या वेळीं त्याचें अर्धें आयुष्य अजून शिल्लक असतें.

इंग्लंडांत १९२६ पासून ग्रेहाउंडाच्या शर्यती वर्तुळाकार मैदानावर होत आल्या. तेथें निवृत्त कुत्रीं घरोघर पाळावयास दिलीं जातात, व त्यामुळें त्यांच्या प्रकृतीचा अभ्यासही पुष्कळ झाला आहे. पुढील वैद्यकीय माहिती मुख्यतः ग्रेहाउंडावरून घेतलेली आहे. कारवानीचा बांधा तसाच असल्यामुळें तीच सावधगिरी येथेंही बाळगणें बरें.

आमच्या वस्तीवर असें एक कुत्रें आलें, त्याची हकीकत प्रथम सांगतों. नांव हरण्या, वय सुमारें सहा वर्षें. पहिल्याच आठवड्यांत तो ओट्यावर झोपला असतां आमच्या नातवानें त्याच्या पाठीवर हात ठेवला, व डोळे पुरते उघडण्यापूर्वींच त्यानें मुलाचें मनगट धरलें. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन मुलास लागलीच दवाखान्यांत नेऊन लस टोचविली, हें आम्हीं योग्य केलें. तत्पूर्वीं हातांत काठी घेतली, ती मात्र चूक. “असलें कुत्रें नदीपलीकडे सोडून या,” असा सल्ला देणारे त्या दिवशीं पुष्कळ भेटले.

खरा प्रकार असा कीं, शर्यतीचें कुत्रें जन्मभर खोपटांत किंवा पिंजऱ्यांत एकटें निजलेलें असतें. झोपेंत त्यास कोणीं कधीं स्पर्श केलेला नसतो. म्हणून स्पर्श झाला कीं तें जागें होण्याआधींच चावतें. हा दुष्टपणा नव्हे. त्याचें अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर भिंतीकडेस घालावें. दुरून नांवानें हांक मारावी. त्यानें मान वर केली म्हणजे मगच जवळ जावें. लहान मुलांस हें शिकवावें, आणि न शिकलेलें मूल व असें कुत्रें यांस एकत्र सोडूं नये. मारल्यानें ही खोड जात नाहीं. माणसाचा हात जवळ येणें म्हणजे वेदना, एवढेंच तें शिकतें.

परंतु हरण्या जागेपणींही तोंडास हात लावूं देत नसे. पशुवैद्यांनीं जबडा उघडून दाखविला तेव्हां मागच्या दाढा किडलेल्या व हिरड्यांत पू, असें दिसून आलें. जन्मभर दुधांत कुसकरलेली भाकरी खाल्लेल्या कुत्र्याच्या दातांची हीच गत होते. दाढा काढल्यावर पंधरा दिवसांत त्याचें गुरगुरणें बंद झालें. तेव्हांपासून आमचा नियम असा कीं, कुत्र्याचा स्वभाव वाईट ठरविण्यापूर्वीं त्याचे दांत, कान, नखें व पायांच्या गाद्या पाहून घ्याव्या. गादींत कुरूप झालेलें असल्यास कुत्रें मऊ मातींत नीट चालतें व डांबरी सडकेवर लंगडतें. लोक त्यास ढोंग म्हणतात.

दाढा काढावयाच्या म्हणजे भूल द्यावी लागते, आणि येथें एक गोष्ट पशुवैद्यांस आपण होऊन सांगावी. थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीच्या औषधांचा निचरा या बांध्याच्या कुत्र्यांत फार सावकाश होतो. इतर कुत्रें उठून बसतें तेव्हां हें अद्याप निपचित पडलेलें असतें. अंगांत चरबी नसल्यामुळें भुलेंत तें गारठतेंही. तसेंच ग्रेहाउंडाच्या रक्तांत तांबड्या पेशी इतर कुत्र्यांहून अधिक व प्लेटलेट कमी असतात, आणि थायरॉइडचा अंशही मुळांतच कमी असतो. हें ठाऊक नसल्यास निरोगी कुत्र्यास रोगी ठरविलें जातें. उलटपक्षीं गोचिडांच्या तापांतही प्लेटलेट घटतात, व तो ताप आपल्याकडे फार. म्हणून निवळ आंकड्यावर न जातां ताप, सुस्ती, पांढुरक्या हिरड्या किंवा नाकांतून रक्त हीं लक्षणें पाहून उपचार ठरवावा. औषधाचा क्रम कित्येकदां चार आठवड्यांचा असतो. कुत्रें आठव्या दिवशीं खाऊं लागलें म्हणून गोळ्या मध्येंच बंद करूं नयेत.

कोंबड्या, मांजरें व करडें यांचा प्रश्न निराळा. पळणाऱ्या प्राण्यामागें धांवणें हें या कुत्र्याचें जन्मापासूनचें शिक्षण; तें चार महिन्यांत विसरेल अशी आशा धरूं नये. ग्रेहाउंड ताशीं साठ किलोमीटरांहून अधिक वेगानें पळतो, व एकदां नजर लागली कीं त्यास हांक ऐकूं येत नाहीं. कुंपण नसलेल्या रानांत त्यास मोकळें सोडूं नये. आरंभीं तोंडास जाळी बांधून, साखळी हातांत धरून, गोठ्यांतील जनावरांची ओळख करून द्यावी. मान डोक्याहून जाड असल्यानें साधा पट्टा निसटतो. रुंद व ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा घ्यावा.

मोकळें नको म्हणून रात्रीं अंगणांत बांधून ठेवणें हें त्याहून वाईट. अकोले तालुक्यांतील बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अभ्यास केला, त्यांत बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनापैकीं सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा निघाला. उंसाच्या कडेच्या वस्तीवर बांधलेलें कुत्रें पळूंही शकत नाहीं. रात्रीं त्यास दार असलेल्या खोलींत किंवा पक्क्या गोठ्यांत घ्यावें. थंडीचाही विचार आहेच. पौषांतली पारनेरकडची रात्र या पातळ कातडीच्या जनावरास सोसत नाहीं. गोणपाट व जुनी गोधडी एवढ्यानें भागतें. उन्हाळ्यांत मात्र सकाळीं लवकर व दिवस मावळल्यावरच फिरवावें. ऊन लागलेलें धावरें कुत्रें घटकाभरांत दगावूं शकतें.

आहारांत भाकरीबरोबर अंडें, मांस किंवा मासळी असावी. आमच्या जिल्ह्यास विशेष सांगावयाचें तें कांद्याविषयीं. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. सबब उरलेलें कालवण त्यास घालूं नये, आणि चाळींतला सडका कांदा त्याच्या तोंडीं लागूं देऊं नये. द्राक्षें व बेदाणे हेही मूत्रपिंडास घातक आहेत. उंदरांसाठीं झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या ठेविल्या असतील तर कुत्रें त्या दिवसांत बांधाकडे नेऊंच नये. रेबीजची लस दर वर्षीं टोचवावी. निवृत्त कुत्र्याची पूर्वींची लस झाली आहे असें मालकाच्या तोंडी शब्दावर मानूं नये.

शेवटीं लंगडण्याविषयीं. हरण्या आमच्याकडे तिसऱ्या वर्षीं पुढच्या उजव्या पायानें लंगडूं लागला. खड्ड्यांत पाय मुरगळला असेल असें समजून आम्हीं पांच आठवडे हळदीचा लेप लाविला, शेक दिला, तेल चोळलें. मनगटाच्या वर सूज होती. ती दाबली कीं तो ओरडत नसे, फक्त आमच्या तोंडाकडे पाही. क्ष-किरण चित्र काढलें तेव्हां हाडाचा कर्करोग निघाला. मोठ्या उंच कुत्र्यांत, त्यांतही ग्रेहाउंडांत, हा रोग अधिक आढळतो, व तो बहुधा मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ होतो. लवकर कळल्यास पाय काढून कांहीं महिन्यांचें आयुष्य मिळतें, व तीन पायांवर अशीं कुत्रीं चांगलीं चालतात. परंतु रोग पुढें फुप्फुसांत जातोच. आम्हांस तोंवर उशीर झाला होता. वेदना औषधानें थांबेनात, तेव्हां पशुवैद्यांस वस्तीवर बोलावून, ओट्यावरच्या त्याच्या जागीं, त्यास इंजेक्शनानें निरोप दिला. आठ दिवसांत न थांबणारें लंगडणें, विशेषतः सुजेसह, मुरगळ समजून घरीं चोळीत बसूं नये. चोळल्यानें पोखरलेलें हाड मोडतें. चित्र काढून घ्यावें. त्याचा खर्च आम्हीं पांच आठवड्यांत तेलालेपावर घातलेल्या पैशाहून फार नव्हता.